रहिमतपूरची कन्या व मिरजेचा गवई

महाराणी जमनाबाईसाहेब गायकवाड यांचें नांव निघालें कीं आमच्या वाचकांस दत्तकाचें प्रकरण आठवतें, व तें साहजिकही आहे. सातारा प्रांतांतील रहिमतपूरच्या माने सरदेशमुखांच्या घरीं १८५३ सालीं जन्मलेली ही मुलगी खंडेराव महाराजांची राणी झाली, १८७० सालीं विधवा झाली, आणि पुढच्या सालीं मुलगीच झाल्यामुळें गादी मल्हाररावांकडे राहिली. १८७५ सालीं मल्हारराव पदच्युत झाले तेव्हां बाईसाहेबांनीं कवळाण्याच्या गोपाळरावांस मांडीवर घेतलें. तेच सयाजीराव महाराज. इतकें सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस आज निराळीच गोष्ट सांगावयाची आहे.

विष्णु दिगंबर पलुसकर हे कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराचे चिरंजीव. लहानपणीं दारूकामानें त्यांचे डोळे अधू झाले, पोथी वाचणें अशक्य झालें, व मिरजेच्या अधिपतींनीं त्यांस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हवालीं केलें. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रांत रुजविणारे ते हेच बुवा. शिष्यावर दरबारची मर्जी होती. परंतु एका सार्वजनिक समारंभाचें आमंत्रण शिष्यास आलें, गुरूस आलें नाहीं. कारण काय, तर ते केवळ गवई! जे कान रात्रीं बुवांच्या तानेवर डोलत, तेच सकाळीं त्यांस सभ्य गृहस्थांच्या पंक्तीस बसूं देईनात. ही गोष्ट मनाला लागून विष्णुबुवांनीं १८९६ सालीं मिरज सोडली, व औंध, सातारा करीत ते बडोद्यास पोहोंचले.

तेथें ते राममंदिरांत उतरले. त्यांच्या गाण्याची वार्ता जमनाबाईसाहेबांच्या कानीं गेली; त्यांनीं बुवांचें गाणें ऐकलें, त्यांस मान दिला व द्रव्यही दिलें. बडोद्यास गवयांचा तोटा नव्हता; मौलाबक्षांची संगीतशाळा दहा वर्षें चालू होती. असें असतां चोवीस वर्षांच्या अपरिचित तरुणास राजमातेनें जवळ करावें, हें आम्हांस लहान वाटत नाहीं. मात्र एक गोष्ट बोलल्यावांचून राहवत नाहीं. त्या काळच्या थोर घराण्यांतील विधवेस भजनकीर्तन ऐकण्याची मोकळीक असे. मैफलीचें नांवही तिनें काढूं नये, अशी आमच्या समाजाची रीत होती. देवाच्या नांवाचें तेवढें एक दार उघडें होतें, आणि रागदारी त्याच दारानें आंत आली. पुढें बुवांनीं चिजांतील शृंगारिक शब्द काढून तेथें भक्तिपर पदें घातलीं. जुन्या रसिकांनीं त्याबद्दल नाकें मुरडलीं. परंतु कुलीन घरांच्या ओसरीवर तंबोरा टेकला तो याच उपायानें, हें नाकें मुरडणारांनींही मान्य केलें पाहिजे.

राजाश्रय हें कलेचें कायमचें छत्र होय, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. आश्रय देणारा हात गेला कीं गवई पुन्हां रस्त्यावर. बाईसाहेब १८९८ सालीं निवर्तल्या. बुवांनीं तर त्यापूर्वींच बडोदें सोडून काठेवाडांत तिकीट लावून जाहीर गाणें केलें होतें, व त्यास त्या वेळीं धारिष्टच लागत असे. ५ मे १९०१ रोजीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. तें राजवाड्याच्या नव्हे, लोकांच्या पैशावर उभें राहिलें. आणि तेथें शिकून बाहेर पडलेला गवई शिक्षक म्हणवूं लागला.

ऑगस्ट १९३१ मध्यें विष्णुबुवा वारले ते मिरजेसच. एका आमंत्रणावरून पस्तीस वर्षांपूर्वीं जी सोडली होती त्या मिरजेस.