मेचनिकॉफ आणि भक्षक पेशी

पावसाळ्यात बुलढाणा जिल्ह्यातील डबक्यांत बेडकांची पिले दिसू लागली, की त्यांची शेपटी गळून पडते असे मुले समजतात. प्रत्यक्षात ती आतूनच खाल्ली जाते. हे पाहणाऱ्यांत रशियन प्राणिशास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ (१८४५-१९१६) अग्रणी होते. दोनदा आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या या गृहस्थांनी शरीराच्या संरक्षणाचा शोध लावावा, हा विलक्षणच योग! १८८२ मध्ये मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभात त्यांनी गुलाबाचे काटे खुपसले. दुसऱ्या दिवशी भटक्या पेशींनी काट्यांना वेढले होते. याच भक्षक पेशी जंतूंचा नाश करतात, हे मत जर्मन पंडितांना रुचले नाही. संरक्षण रक्तद्रवातच, असा त्यांचा आग्रह. १९०८ चे नोबेल पारितोषिक अखेर मेचनिकॉफ आणि द्रवपक्षाचे एर्लिख यांना विभागून मिळाले. १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेणारे हाफकिन हे मेचनिकॉफ यांचेच शिष्य.

मरणोन्मुख पेशी ओळखली कशी जाते, हे मात्र त्यांच्या हयातीत उलगडले नाही. एरवी पटलाच्या आतल्या बाजूस असणारा फॉस्फॅटिडिलसेरिन हा स्निग्ध पदार्थ अशा पेशीच्या पृष्ठभागावर येतो. ही खूण पटताच भक्षक पेशी तिला गिळते आणि आतील द्रव्ये सांडून होणारा दाह टळतो.