दर दोन तासांनी

१९१७ साली जर्मनीच्या अप्पर सायलेशिया प्रांतातल्या एका इस्पितळात एक धिप्पाड तरुण खाणकामगार दाखल झाला. कोळशाच्या खाणीतल्या अपघातात त्याचा पाठीचा कणा मोडला होता. सैन्यात भरती होण्याची वाट पाहणारा एक अठरा वर्षांचा मुलगा त्याच इस्पितळात स्वयंसेवक म्हणून काम करीत होता. त्याने रोग्याची माहिती टिपून घ्यायला वही काढली, तेव्हा त्याला तसदी घेऊ नकोस असे सांगण्यात आले, कारण काही आठवड्यांत हा माणूस मरणारच होता. कोणी विशेष काही केले नाही, आणि पाचेक आठवड्यांत तो अंगात पू भिनून मेला. या मुलाचे नाव लुडविग गुटमन. पुढे साऱ्या जगाने त्याला पॅरालिम्पिकचा जनक म्हणून ओळखले. मला मात्र त्याच्या आयुष्यात खेळांपेक्षा दुसरीच एक गोष्ट मोठी वाटते, आणि तिला ना पदक आहे ना मैदान.

ही गोष्ट समजायची तर कणा मोडलेला माणूस कशाने मरतो, हे आधी पाहिले पाहिजे. कणा मोडतो तेव्हा मज्जारज्जू दुखावतो आणि मेंदू व पाय यांच्यामधला निरोप बंद होतो. पण त्यामुळे जीव जातोच असे नाही. तुम्हीआम्ही झोपेतसुद्धा कूस बदलतो, कारण एका अंगावर फार वेळ भार राहिला की ते अंग दुखू लागते. ज्याला दुखतच नाही, तो ठेवल्या जागी पडून राहतो. माकडहाड, खुबा, टाच या ठिकाणी कातडीला रक्त मिळेनासे होते, ती काळी पडते, सडते आणि जखम थेट हाडापर्यंत जाते. दुसरीकडे मूत्राशय आपणहून रिकामे होत नाही. नळी घालावी तर नळीबरोबर जंतू आत शिरतात आणि मूत्रपिंडांपर्यंत चढतात. पहिल्या महायुद्धात कण्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक असेच गेले. गोळीने मारले नाही, ते अंथरुणाने मारले. जे उरले, त्यांना कुठल्याशा आश्रमवजा घरात खिडकीशी नेऊन ठेवायचे, ही त्या काळची दयेची परिसीमा होती.

गुटमन यांचा जन्म ३ जुलै १८९९ चा, टॉस्ट या गावी, ज्यू कुटुंबात. हा सारा मुलूख आज पोलंडमध्ये आहे. १९२४ मध्ये ते डॉक्टर झाले आणि ब्रेस्लाउला ऑटफ्रिड फोर्स्टर या त्या काळच्या नामवंत मेंदूतज्ज्ञाच्या हाताखाली शिकले. गुरूचे पहिले साहाय्यक होण्यापर्यंत मजल गेली आणि तेवढ्यात १९३३ उजाडले. हिटलरच्या राज्यात ज्यू डॉक्टरांना सार्वजनिक इस्पितळांतून काढून टाकण्यात आले. गुटमन ब्रेस्लाउच्याच ज्यू इस्पितळात गेले आणि १९३७ मध्ये त्याचे प्रमुख झाले. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री देशभर ज्यूंची घरे, दुकाने आणि प्रार्थनामंदिरे फोडली गेली, तेव्हा त्यांनी इस्पितळात हुकूम सोडला की दारात येईल त्याला दाखल करून घ्या, कारण विचारू नका. रात्रभरात ६४ माणसे दाखल झाली. सकाळी गेस्टापोचे अधिकारी जाब विचारायला आले. गुटमन त्यांना खाटेखाटेपाशी घेऊन हिंडले आणि धडधाकट माणसांना एकेक दुर्धर रोग चिकटवत गेले. ६४ पैकी ६० जण वाचले. वैद्यकाच्या इतिहासात खोट्या निदानाचा इतका पुण्यवान उपयोग क्वचितच झाला असेल.

पुढच्याच महिन्यात एक चमत्कारिक गोष्ट घडली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या एका मित्राला तपासण्यासाठी, ज्यूंचे पासपोर्ट जप्त करणाऱ्या त्याच जर्मन सरकारने गुटमनना लिस्बनला पाठवले. परतीच्या वाटेवर ते लंडनला थांबले. परागंदा विद्वानांना आसरा देणाऱ्या एका ब्रिटिश संस्थेने त्यांची सोय लावली आणि १४ मार्च १९३९ रोजी ते पत्नी आणि दोन लहान मुलांसह इंग्लंडात उतरले. ऑक्सफर्डमध्ये त्यांना संशोधनाचे काम मिळाले. पण ज्याने वॉर्ड चालवला, त्याला नुसत्या प्रयोगशाळेत कसे करमणार? चार-साडेचार वर्षे ही घुसमट चालली.

१९४३ मध्ये इंग्लंड फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरण्याची तयारी करीत होते. त्या लढाईत कण्याला जखमा झालेले शेकडो जवान परत येणार, हे उघड होते. त्यांच्यासाठी एक स्वतंत्र विभाग काढायचे ठरले, पण तो चालवायला कोणी उत्सुक नव्हते. मरणाऱ्यांचा वॉर्ड कोणाला हवा असतो? सरकारी समितीवरचे मेंदूतज्ज्ञ जॉर्ज रिडॉक यांनी गुटमनना विचारले. आपल्या पद्धतीने काम करू देणार असाल तर येतो, या अटीवर ते तयार झाले. १ फेब्रुवारी १९४४ रोजी एल्सबरी या गावाजवळ स्टोक मॅन्डेव्हिल इस्पितळाच्या बैठ्या झोपड्यांत हा विभाग सुरू झाला. खाटा पंचवीसएक, आणि पहिल्या दिवशी रोगी एक.

तिथे त्यांनी केले काय? नवे औषध शोधले नाही की नवी शस्त्रक्रिया काढली नाही. रोगी प्लास्टरच्या साच्यात आवळून पाठवले जात, ते साचे त्यांनी काढून टाकले. उशांचे टेकू देऊन रोग्याला नीट झोपवायचे आणि दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची, असा नियम घातला. दिवसा आणि रात्रीही, म्हणजे चोवीस तासांत बारा वेळा. रोगी गाढ झोपेत असो की नर्सचे डोळे मिटत असोत, सवलत नाही. मूत्राशय रिकामे करण्याचे काम आधी पडेल त्या माणसाकडे असे. ते गुटमन यांनी डॉक्टरांकडे घेतले. निर्जंतुक पद्धतीने, ठरल्या वेळी नळी घालायची आणि काढून घ्यायची. सुरुवातीला हे काम ते स्वतः करीत. कूस खरोखर बदलली जाते आहे की नुसतीच वहीत नोंदली जाते आहे, हे पाहायला रात्री-अपरात्री वॉर्डात येत. मी बँकेत अनेक तपासनीस पाहिले आहेत. पण रात्री दोन वाजता वहीऐवजी माणसाची पाठ तपासणारा हा तपासनीस निराळाच म्हटला पाहिजे.

श्रेय वाटताना हात आखडता घेऊ नये. बोस्टनमध्ये डोनाल्ड मन्रो यांनी हा मार्ग आधीच चोखाळायला सुरुवात केली होती, आणि सल्फा औषधे व पेनिसिलिन नेमकी याच सुमारास हाताशी आली. पण औषध कुपीतून येते. मध्यरात्री नऊ-दहा दगडांच्या लुळ्या देहाला हळुवार उलटायला मात्र माणसेच लागतात, आणि ती माणसे गुटमन यांनी तयार केली. मदतीला आलेल्या लष्करी सेवकांपैकी अनेकांना ही नेमणूक प्रथम शिक्षाच वाटली. शिवाय साहेब जर्मन उच्चारांत इंग्रजी बोलणारा. ज्यांना जर्मन गोळ्या लागल्या, त्यांना या उच्चारांत रोज उठवले जाई. काही महिन्यांत त्याच जवानांनी त्यांचे नाव ‘पॉपा’ ठेवले. म्हणून हा माणूस गोड होता असे समजू नये. तो हट्टी होता, तापट होता, आणि ऐकून न घेणारा होता.

जखमा भरल्या, ताप उतरले, आणि मग खरा प्रश्न पुढे आला. विशी-बाविशीतला हा माणूस आता जगणार. पण जगून करणार काय? गुटमन यांचे म्हणणे रोखठोक होते. याला कर भरणारा नागरिक करून घरी पाठवायचे. त्यामुळे खाटेवरून उठता येण्याआधीच कामे सुरू होत. सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन. १९४४ मध्येच ब्रिटिश संसदेने कायदा केला होता की वीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या मालकाने तीन टक्के जागा अपंगांना द्याव्यात. सरकारकडून हाताने चालवायच्या तीनचाकी मोटारगाड्या मिळू लागल्या. घरांचे दरवाजे रुंद झाले, पायऱ्यांच्या जागी उतार आले. ज्यांना घर नव्हते किंवा घरी जिना होता, त्यांच्यासाठी लंडनजवळ आयल्वर्थला एक वसतिगृह निघाले. तिथे राहून माणसे आसपासच्या कारखान्यांत कामावर जात. मॅकल्सफील्डजवळ लाइम ग्रीन इथे तर बायकामुलांसह राहण्याची वसाहत उभी राहिली.

आपल्याकडेही कागदावर तरतूद वाईट नाही. सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकांत माजी सैनिकांसाठी कारकुनांच्या १४.५ टक्के आणि शिपाईवर्गाच्या २४.५ टक्के जागा राखीव असतात. त्यांतल्या साडेचार टक्के अपंग झालेल्या जवानांसाठी आणि युद्धात कामी आलेल्यांच्या आश्रितांसाठी असतात. मी सातारा जिल्ह्यातल्या ज्या शाखेत होतो, तिथे माजी सैनिकांची निवृत्तिवेतने पुष्कळ. नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यासाठी रांग लागे. शाखा पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद. एक निवृत्त हवालदार मुलाच्या पाठुंगळी बसून तो जिना चढून येत आणि वर आल्यावर आधी टोपी नीट करीत. जिवंत आहोत हे सिद्ध करायला त्यांना वर्षातून एकदा मुलाच्या पाठीवर बसावे लागे. शिपायाबरोबर रजिस्टर खाली पाठवायची पद्धत आम्ही पाडली, पण तळमजल्यावर जागा घेण्याचा प्रस्ताव मी तिथे असेपर्यंत तरी फायलीतून बाहेर आला नाही.

असो. खेळांकडे वळू. गुटमन यांनी खेळ आणले ते करमणूक म्हणून नव्हे, औषध म्हणून. आधी चाकाच्या खुर्चीतला पोलो होता. त्यात काठ्या फार लागू लागल्या, म्हणून बास्केटबॉलसारखा खेळ आला. धनुर्विद्येवर त्यांचा विशेष लोभ, कारण तिच्यामुळे खांदे आणि पाठ बळकट होते आणि खुर्चीतला माणूस उभ्या माणसाशी बरोबरीने स्पर्धा करू शकतो. २९ जुलै १९४८ रोजी लंडनला ऑलिंपिकचे उद्घाटन होत होते. त्याच दिवशी स्टोक मॅन्डेव्हिलच्या हिरवळीवर सोळा जणांनी धनुष्ये उचलली, चौदा पुरुष आणि दोन स्त्रिया. एक संघ इस्पितळाचा, दुसरा रिचमंडच्या स्टार अँड गार्टर होमचा. हे होम म्हणजे पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, अपंग सैनिकांसाठी निघालेले घर. ज्यांना खिडकीशी ठेवले जायचे, त्यांच्याच घरातले हे धनुर्धर. आणि सामना त्यांनी जिंकला! त्या दिवशी इस्पितळाला एक खास बनवलेली बसही मिळाली. मला त्या पदकाबिदकांपेक्षा ही बस अधिक महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे माणसे फाटकाबाहेर जाऊ लागली.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १९५२ मध्ये हॉलंडचा संघ आला, १९६० मध्ये रोमला २३ देशांतले सुमारे ४०० खेळाडू जमले. या खेळांवर डॉक्टरांची पकड फार काळ राहिली, आणि १९७६ पर्यंत कण्याची दुखापत नसलेल्या अपंगांना तिथे जागा नव्हती. याचा राग पुष्कळांना होता आणि तो अगदीच अनाठायी नव्हता.

१९७२ चे खेळ जर्मनीत हायडेलबर्गला झाले. ज्या देशाने गुटमनना हाकलले, तिथेच ते या खेळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष म्हणून परतले होते. आणि तिथे आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा एक जवान पाण्यात उतरला. मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या, त्यांतली एक कण्यात राहिली. मुंबईच्या नौदल इस्पितळात उपचार म्हणून पोहणे सुरू झाले. हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पार केली आणि सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण. पुढे त्यांनी पुण्याला टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. तोवर ४६ वर्षे उलटली होती. पुण्याजवळ खडकीला अपंग जवानांना हुन्नर शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. ती १९१७ सालची. तिथेच १९७४ पासून कणा दुखावलेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्रही आहे. तिथले रहिवासी चाकाच्या खुर्चीत बास्केटबॉल खेळतात, आणि ज्यांचे हातही गेले, त्यांतले काही तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. सगळेच काही युद्धातले नसतात. कोणी कड्यावरून पडलेला असतो, कोणी रजेवर घरी जाताना अपघातात सापडलेला असतो. घरचे येतात, काहींचे येत नाहीत. गुटमन कितीही म्हणोत, सर्वांनाच घरी पाठवता येत नाही.

गुटमनना १९६६ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. १९७३ मध्ये त्यांनी कण्याच्या दुखापतींवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. कातडी, मूत्राशय, कूस बदलणे, हाच त्याचा गाभा. खेळांवर त्यांनी तीन वर्षांनी निराळे पुस्तक काढले. ऑक्टोबर १९७९ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि १८ मार्च १९८० रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ते वारले. ज्या जखमेचा रोगी पूर्वी दोन-तीन वर्षेही काढत नसे, ती जखम घेऊन बसलेले त्यांचे १९४४-४५ मधले काही जवान तेव्हा पन्नाशी-साठीत होते.