विजेची माळ पहिल्यांदा कोणी लावली?

नाताळच्या लायटिंगचा विषय निघाला की मला एडिसनआधी एडवर्ड जॉन्सन आठवतो. टेलिग्राफ कंपनीत असताना यानेच तरुण एडिसनला कामावर घेतलं होतं. पुढे तोच एडिसनच्या कंपनीचा उपाध्यक्ष झाला.

तेव्हा लोक नाताळच्या झाडावर पेटत्या मेणबत्त्या लावायचे. आगी लागायच्या. डिसेंबर १८८२ मध्ये जॉन्सनने न्यूयॉर्कच्या आपल्या घरी लाल, पांढरे, निळे असे ८० बल्ब झाडावर लावले. झाड विजेवर गोल फिरायचं, बल्बची उघडझाप व्हायची.

पण असं काम करायला वायरमनच लागायचा. त्यामुळे ही हौस बरीच वर्षं श्रीमंतांपुरतीच राहिली. तयार माळा आल्या त्या विसाव्या शतकात. जॉन्सन १९१७ मध्ये वारला. आज आपण माळ घेतो आणि सरळ प्लगला लावतो, त्याची सुरुवात मला त्याच्या झाडापाशी दिसते.