अण्णाभाऊ साठे : वाटेगावची बोली आणि गिरणगाव

1 ऑगस्टला आपल्या शाळांमध्ये अण्णाभाऊ साठे यांची जयंती होते. मुलं भाषणं पाठ करतात. त्यांची बोली हा विषय मात्र भाषणात सहसा येत नाही. भाषा शिकवणाऱ्या आपल्यासाठी तोच महत्त्वाचा आहे.

अण्णाभाऊंचं मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. जन्म 1920 चा, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा, मांग समाजातल्या गरीब घरात. शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले. जातिभेदाचा जाच सोसवेना, म्हणून शाळा सुटली ती कायमची. 1931 च्या सुमारास आईवडिलांसोबत पायी चालत ते मुंबईला आले. हमाली केली, गिरणीत काम केलं. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती बघत अक्षरं जुळवायला शिकले.

त्या काळी परळ-लालबागच्या चाळींत दोन मोठे प्रवाह एकत्र नांदत होते. एक कोकणातला, दुसरा घाटावरचा. मालवणी माणूस 'खय' विचारायचा, तर घाटावरचा 'कुटं'. एकाचं 'आसा', दुसऱ्याचं 'हाय'. वारणाकाठच्या बोलीत 'पाणी'चं 'पानी' होतं, 'कोण'चं 'कोन'. 'विचार'चा 'इचार' आणि 'वेळ'ची 'येळ' होते. यात गबाळेपणा नाही, नियम आहे. इ किंवा ए या स्वरांआधी आलेला व गळतो किंवा त्याचा य होतो. म्हणूनच 'विळा'सुद्धा 'इळा' होतो.

शहरात आलं की माणसं असे उच्चार हळूहळू सोडतात. कुणी हसतं, कुणी गावंढळ म्हणतं. पुढची पिढी शाळेतली भाषा बोलू लागते. अण्णाभाऊंनी प्रमाण मराठी आपलीशी केली, पण गावची बोली टाकली नाही. 1944 मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशाला लोकनाट्याचं रूप दिलं. समोर बसलेल्या कामगाराला आपल्या घरातलं बोलणं मंचावर ऐकू येऊ लागलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात 'माझी मैना गावावर राहिली' ही त्यांची छक्कड गाजली, कारण गाव मागे ठेवून आलेल्यांची ती व्यथा होती.

1958 मध्ये मुंबईतल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनी केलं. 1959 मध्ये 'फकिरा' आली आणि 1961 मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. वारणेच्या खोऱ्यातली माणसं आपल्या बोलण्यासकट मराठी कादंबरीत मानाने आली. 18 जुलै 1969 रोजी, पन्नाशीही न गाठता, अण्णाभाऊ गेले. शेवटची वर्षं गरिबीतच गेली.

शिक्षक मित्रांनो, पालकहो, आज वर्गात एखादं मूल 'पानी' म्हणालं की आपण लगेच 'चूक' म्हणून मोकळे होतो. दीड दिवसात शाळा सुटलेल्या त्या मुलाचं लेखन आज आपण शाळेत शिकवतो, एवढं तरी आठवावं. 'घरी पानी, पेपरात पाणी' असं सांगून दोन्ही रूपं फळ्यावर लिहून पाहा. आजी-आजोबांकडून असे दहा शब्द आणायला सांगा आणि त्यात कोणता आवाज कुठे बदलतो ते मुलांनाच शोधू द्या. मुलाला प्रमाण भाषाही येईल आणि आजीच्या बोलण्याची लाजही वाटणार नाही.