मास्टर दीनानाथ आणि मूळ चालीचा प्रश्न

मास्टर दीनानाथ मंगेशकरांचे गाणे आज बहुतेकांच्या कानी पडते ते त्यांच्या मुलांच्या कंठांतून. त्यांच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रिका थोड्याच. त्याही जुन्या तबकड्यांच्या खरखरीआड दडलेल्या. या गवयाचे चरित्र सांगू लागले की एक प्रश्न आड येतो. एखाद्या नाट्यपदाचे मूळ गायन कोणते मानावे?

गोमंतकातील मंगेशी या गावी २९ डिसेंबर १९०० रोजी त्यांचा जन्म झाला. वडील मंगेशाच्या देवळातील पुजारी, आई येसूबाई गाणाऱ्या. पुढे गावाचेच नाव त्यांनी आडनाव म्हणून धारण केले. प्रारंभीचे धडे त्यांनी बाबा माशेलकरांपाशी घेतले. नंतर ग्वाल्हेर परंपरेचे रामकृष्णबुवा वझे यांची तालीम त्यांना लाभली. बालवयातच ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले, आणि १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी बलवंत संगीत मंडळी काढली. गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’ नाटकात ते लतिका होत असत. थोरल्या मुलीचे पुढे लता हे नाव पडले, ते याच लतिकेवरून.

त्यांचा आवाज उंच पट्टीचा, धारदार आणि विलक्षण चपळ होता. बालगंधर्वांच्या गाण्यातील लडिवाळपणा येथे शोधू नये. येथे ताना विजेसारख्या सुटतात. असा गळा दुसऱ्याने बांधलेल्या चालीत मुकाट्याने कसा राहावा?

आमच्या मूळ प्रश्नाची गाठ येथेच आहे. खाडिलकरांचे ‘मानापमान’ १९११ मध्ये रंगभूमीवर आले. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. पुढे टेंबे स्वतःच धैर्यधराच्या भूमिकेत उभे राहिले. १९२१ च्या गाजलेल्या ‘संयुक्त मानापमान’ प्रयोगात तीच भूमिका केशवराव भोसले यांनी केली. म्हणजे दीनानाथांचे गाणे तबकडीवर उतरण्यापूर्वीच ही पदे अनेक कंठांतून गेली होती. दीनानाथांनी त्यांतील काही पदे आपल्या वेगळ्या चालीत गायिली. ‘रवि मी’ म्हटले की आज रसिकांना आठवते ते दीनानाथी वळण, आणि नवशिके गायक त्यालाच मूळ चाल समजतात.

सर्वांत जुनी तबकडी तीच मूळ, असा सोपा निकाल काही जण देतात. आम्हांस तो पटत नाही. ध्वनिमुद्रणाला कोणास कधी बोलावले, यावर कोणती तबकडी आधी निघाली हे ठरे. चाल आधी कोणी बांधली याचा तो पुरावा नव्हे. शिवाय तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचाच अवधी असे. रंगभूमीवर ‘वन्समोअर’च्या गजरात फुलत जाणारे पद त्या तीन मिनिटांत कोंबावे लागे, तेव्हा तबकडी म्हणजे प्रयोगाची हुबेहूब प्रतिमा, असेही मानता येत नाही. तिच्यावरून पुढे केलेल्या नकलांत आणखी एक घोटाळा संभवतो. तबकडी किंचित वेगाने फिरली की लय वाढते आणि पट्टीही चढते. दीनानाथांची खरी पट्टी कोणती, हे म्हणूनच एका नकलेवरून ठरवू नये.

उलट वीर वामनराव जोशी यांचे ‘रणदुंदुभि’ (१९२७) आणि सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ (१९३१) ही नाटके बलवंत मंडळीनेच रंगभूमीवर आणली. संगीत गुरु वझेबुवांचे, गळा शिष्याचा. या पदांपुरता वाद उरत नाही; दीनानाथांचे गायन हेच तेथे मूळ.

‘मानापमाना’च्या पदांचा निकाल मात्र आम्ही असा देतो : चालीचे मूळ टेंब्यांकडे, आणि दीनानाथी चालीचे मूळ दीनानाथांच्या तबकडीत. एकाला मान देण्यासाठी दुसऱ्याचे नाव पुसण्याचे कारण नाही. नंतरच्या गायकांनी त्यांच्या वळणाने गायिलेली पदे, कितीही स्वच्छ ऐकू आली तरी, या दोहोंनंतरची होत. वसंतराव देशपांडे यांच्यासारख्या समर्थ गवयानेही दीनानाथांचे ऋण कधी लपविले नाही.

शेवटची वर्षे कष्टाची गेली. बोलपटांनी नाटक मंडळ्यांचा प्रेक्षक ओढून नेला. दीनानाथांनीही सांगलीस चित्रपटनिर्मिती करून पाहिली, १९३४ मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ काढले, परंतु कर्ज वाढले आणि मंडळी बुडाली. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात, वयाच्या अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. लता तेव्हा बारा वर्षांची होती.

आमच्या स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘रवि मी’पुढे आता तीन नावे येतात : पद खाडिलकरांचे, नाटकाचे संगीत टेंब्यांचे, गायिलेली चाल दीनानाथांची. एवढ्यासाठी मुद्रकाला अक्षर बारीक करावे लागते. ते तो कुरकुरत करतो.