ज्या औषधाला नोबेल मिळालं, त्यानेच खुब्याचं हाड मरतं? फिलिप हेंच आणि स्टेरॉईडची गोष्ट

तारीख 21 सप्टेंबर 1948. ठिकाण, अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातलं रॉचेस्टर. मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांकडे 29 वर्षांची एक महिला दाखल होती. आमवाताने, म्हणजे रुमेटॉइड आर्थरायटिसने, तिचे सांधे इतके आखडले होते की चालणंही मुश्किल झालं होतं. त्या दिवशी तिला एका नव्या औषधाचं इंजेक्शन दिलं गेलं. दोन दिवसांत सांधे मोकळे व्हायला लागले. आठवडाभरात ती चक्क बाजारात खरेदीला गेली.

या उपचारामागचा माणूस म्हणजे डॉ. फिलिप हेंच.

हेंच यांचा जन्म 28 फेब्रुवारी 1896 रोजी पिट्सबर्गमध्ये झाला. 1920 मध्ये ते डॉक्टर झाले आणि पुढे मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या विभागाचे प्रमुख बनले. शेरलॉक होम्सचे ते पक्के चाहते. त्यांनी आणि पत्नी मेरी यांनी जमवलेला होम्सच्या पुस्तकांचा संग्रह आजही मिनेसोटा विद्यापीठात आहे.

त्यांच्या संशोधनाची सुरुवातही एखाद्या रहस्यकथेसारखीच झाली. 1929 मध्ये आमवाताच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि त्याच्या सांध्यांचं दुखणं एकदम कमी झालं. पुढे हेंच यांना असे आणखी रुग्ण दिसले. आमवात असलेल्या अनेक महिलांना गरोदरपणात आराम पडतो, हेही त्यांनी टिपलं. कावीळ आणि गरोदरपण, दोन्हींत शरीर स्वतःच काहीतरी तयार करत असणार. त्या अज्ञात गोष्टीला त्यांनी नाव दिलं, सबस्टन्स एक्स.

उत्तर त्याच संस्थेत होतं. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडल हे मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींमधले घटक वेगळे करत होते. त्यातल्या 'कंपाउंड ई'वर 1941 मध्ये दोघांची नजर गेली. पण प्रयोग करायला औषधच पुरेसं नव्हतं. मर्क कंपनीच्या केमिस्टनी बैलाच्या पित्तापासून ते बनवण्याची लांबलचक पद्धत शोधली, तेव्हा कुठे 1948 उजाडलं. हेच औषध पुढे कॉर्टिसोन म्हणून ओळखलं गेलं. 1950 मध्ये हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे टाडेयस राइशस्टाइन यांना नोबेल मिळालं.

जिममध्ये बॉडी बनवायला घेतात ते स्टेरॉईड वेगळं, बरं का. कॉर्टिसोन आणि त्याच्या घराण्यातलं प्रेडनिसोलोन शरीरातली सूज आणि प्रतिकारशक्तीचा जोर कमी करतात.

पण चमत्काराची दुसरी बाजू लवकरच दिसली. औषध थांबवलं की दुखणं परत यायचं. चालू ठेवलं तर चेहरा सुजायचा, वजन वाढायचं, काहींचं मानसिक संतुलन बिघडायचं. हे आजार मुळापासून बरा करणारं औषध नाही, यावर हेंच यांचा सुरुवातीपासून भर होता. तरी जगभर त्याचा वापर वाढतच गेला.

मग आलं 1957. या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या.

पहिली, हेंच निवृत्त झाले.

दुसरी, इटलीतल्या डॉक्टरांनी स्टेरॉईडचे दीर्घ उपचार घेतलेल्या रुग्णाच्या खुब्यातलं हाड मृत झाल्याची नोंद प्रसिद्ध केली.

तिसरी, अमेरिकेत डॉ. डोनॉल थॉमस यांनी रुग्णांना दुसऱ्याचा अस्थिमज्जा दिल्याचा अहवाल छापला. त्यातले सगळे रुग्ण थोड्याच काळात दगावले. पण थॉमस थांबले नाहीत. याच मार्गाने पुढे आजचं स्टेम सेल प्रत्यारोपण उभं राहिलं आणि 1990 मध्ये त्यांनाही नोबेल मिळालं.

30 मार्च 1965 रोजी जमैकामध्ये हेंच यांचं निधन झालं. प्रत्यारोपण तेव्हा प्रयोगाच्याच टप्प्यावर होतं. आपलं औषध तिथे किती लागणार आहे, हे त्यांना पाहायला मिळालं नाही.

प्रत्यारोपणात दात्याच्या पेशी कधीकधी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करतात. याला 'ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट' आजार म्हणतात. तो आवरायला आजही पहिलं औषध स्टेरॉईडच. त्यावर असंख्य जीव वाचतात. पण मोठा डोस बराच काळ घ्यावा लागला, तर किंमत हाडाला मोजावी लागू शकते.

नेमकं होतं काय? मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या मोजक्याच असतात. स्टेरॉईडमुळे हाडाच्या आतल्या चरबीच्या पेशी फुगतात, आतला दाब वाढतो, रक्तपुरवठा कमी पडतो आणि हाडाच्या पेशी मरतात. प्रत्यारोपणाआधी दिलेलं रेडिएशनही यात भर घालतं. मेलेलं हाड वजन पेलत नाही, गोळा खचतो. याला अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात.

2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनीही कोरोनातून बरे झालेल्या रुग्णांमध्ये हाच त्रास नोंदवला होता. त्यांनाही उपचारात स्टेरॉईड दिलं गेलं होतं.

गोम अशी की हे उशिरा कळतं. प्रत्यारोपण यशस्वी होतं, घरचे निर्धास्त होतात आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी जांघेत दुखायला लागतं. कधी दुखणं गुडघ्यात जाणवतं आणि खुब्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो. एमआरआयमध्ये मात्र ते लवकर दिसतं. वेळेत सापडलं तर हाडाला छिद्र पाडून दाब कमी करण्यासारखे उपाय करता येतात. गोळा खचला, तर बहुतेक वेळा खुबा बदलावा लागतो.

म्हणून स्टेरॉईड मनाने बंद करायचं का? अजिबात नाही. ते अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं, कारण शरीराने स्वतःचं स्टेरॉईड बनवणं कमी केलेलं असतं. डोस कमी-जास्त करायचा तो डॉक्टरांनीच. घरात कुणाचं प्रत्यारोपण झालं असेल आणि जांघ, खुबा किंवा गुडघा दुखत असेल, तर थकवा किंवा वय म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांकडे जा आणि किती स्टेरॉईड, किती दिवस घेतलं, ते आधी सांगा.