तारखात्यातला डॉक्टर

आमच्या वडिलांची सारी नोकरी तारखात्यात गेली. विल्यम ओशॉनेसी हे नाव मी प्रथम ऐकलं ते त्यांच्याकडून. कलकत्त्यापासून मुंबई-मद्रासपर्यंत तारा ओढणारा साहेब म्हणून. साहेब मुळात डॉक्टर होता, हे मला पुढे कॉलेजात कळलं. खरं सांगायचं तर मला तोच ओशॉनेसी मोठा वाटतो.

जन्म १८०९ चा, आयर्लंडमधल्या लिमरिकचा. शिक्षण एडिंबरोला. १८३१ च्या अखेरीस इंग्लंडात संडरलँडला पटकीची साथ आली, तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता. डॉक्टरमंडळी रोग्याची शीर कापून रक्त काढत होती. आधीच आटलेलं रक्त! यानं ते रक्त तपासलं. पाणी गेलेलं, क्षार गेलेले, सोडाही गेलेला, आणि हे सारं जुलाबात उतरलेलं. गेलं ते शिरेतून परत द्या, असं त्यानं मांडलं. मे १८३२ मध्ये लीथच्या टॉमस लॅटा या डॉक्टरनं तसं केलं आणि मरणपंथाला लागलेले काही रोगी उठून बसले. पण साथ ओसरली, लॅटाही वर्षभरात वारला, उपाय मागे पडला. ओशॉनेसी १८३३ मध्ये कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला, पटकीच्या माहेरघरीच म्हणा ना, आणि रसायनाची प्राध्यापकी, गांजाचे औषधी गुण, मग तारा यांत गुंतला. याची मला अजून चुटपुट लागते.

सोडा आतड्यात जातो कसा, हे मात्र त्याच्या काळात कळणं शक्यच नव्हतं. बायकार्बोनेटवर विद्युतभार असतो. पेशीचं स्निग्ध आवरण त्याला वाट देत नाही. त्याला प्रथिनांची दारं लागतात. तांबड्या पेशीच्या दारात एक क्लोराइड आत येतो, एक बायकार्बोनेट बाहेर जातो. कर्बवायू फुप्फुसापर्यंत पोचतो तो बराचसा असाच. आतड्यातल्या दाराचं नाव सीएफटीआर. पटकीचं विष ते सताड उघडं ठेवतं. क्लोराइड आणि बायकार्बोनेट बाहेर, त्यामागून सोडियम आणि पाणी. हेच दार जन्मतः बिघडलेलं असलं तर सिस्टिक फायब्रोसिस होतो, फुप्फुसात चिकट कफ साचतो. ओशॉनेसी १८८९ मध्ये वारला. या दाराचा जनुक सापडला १९८९ मध्ये.

१९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायची सलाइन संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून रोग्यांना पाजला. मृत्यूचं प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं.